धोंडबाभाऊ अन् ‘प्रायोजित’

पहिलेच सांगून ठेवते, मले गोड बोलता येत नाही. कोराडीले पॉवर हाऊसच्या कॉलनीबाहेर माझी खानावळ आहे. ठेकेदारीवरचे पोट्टे अन् राखेच्या ट्रकांचे ड्रायव्हर माझ्या हातचं जेवतात अन् माझ्या शिव्या खातात. ‘हर्षाबाईची जीभ म्हणजे ठेचा’ असं म्हणतात मागं. म्हणू द्या. धोंडबाभाऊंची गोष्ट सांगाले असलीच जीभ पाहिजे, कारण त्या माणसाच्या तोंडून कधी कोणाले वाकडा शब्द निघाला नाही.

धोंडबा रामटेके, माझे शेजारी. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीची. नौकरीभर पॉवर हाऊसच्या राख विभागात होते. रिटायर झाले तरी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसणार अन् पेपर वाचणार. वाचणार म्हणजे कसं, वरच्या नावापासून खालच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. मी म्हणायची, “भाऊ, पत्ता काहून वाचता गा? चिठ्ठी लिहाची आहे का?” तर म्हणायचे, “छापणाऱ्यानं नाव दिलं म्हणजे त्यानं जिम्मेदारी घेतली, हर्षा. ते वाचलं पाहिजे.”

त्याईची बायको बायजाबाई. बुटकी, हसरी, अन् हात असा चालाचा की मी एक पोळी लाटेपर्यंत तिच्या तीन होत. माझ्याकडं पोळ्या लाटाले यायची, पण कामाले म्हणून नाही, घरी एकटं करमत नाही म्हणून. पोट्टी एकच, रितिका. ते मिहानमध्ये कामाले, कोण्या जाहिरातीच्या कंपनीत. तिकडंच खोली करून राहते. कोराडी नागपूरच्या या टोकाले, मिहान त्या टोकाले, रोजचं जाणं येणं कोण करन?

आता ‘प्रायोजित’ हा शब्द भाऊंच्या डोस्क्यात कुठून बसला, ते ऐका. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाणारी माणसं आमच्या रोडनं येतात. खेड्यापाड्याची, लेकरं खांद्यावर घेतलेली, पांढऱ्या कपड्यातली. त्याईच्यासाठी नाक्यावर जेवणाचा मंडप लागते अन् त्याचा सारा कारभार धोंडबाभाऊंकडं. वर बॅनर राहते, ‘भोजनदान, प्रायोजक अमुक अमुक’. पण भाऊंचा कायदा असा, की ज्याचं नाव बॅनरवर, त्यानं भाजीच्या गंजाच्या मागं स्वतः उभं राहायचं. वाढायचं, पाणी द्यायचं, उष्टं उचलायचं. नुसतं नाव देणाऱ्याले भाऊ हात जोडून वापस करत. एका सालची गोष्ट, वांग्याची भाजी बिघडली. माणसं ओकाले लागली. त्या सालचा प्रायोजक कोळशाच्या ट्रकांचा ठेकेदार होता, मोठा माजोरडा माणूस. पण बाप्पा, त्यानं आपल्या जीपमध्ये एकेकाले घालून दवाखान्यात नेलं अन् तिथं पायरीवर बसून राहिला, सारे बरे होईपर्यंत. भाऊ ही गोष्ट सांगून थकत नव्हते. प्रायोजक म्हणजे असा, म्हणत. ज्याची कॉलर धरता येते असा माणूस.

बायजाबाईनं गाठ पहिले मलेच दाखवली. पोळ्या लाटता लाटता थांबली, माझा हात धरला अन् पदराखाली नेला. “हे पाय वं, हर्षा.” बोराएवढी, कडक. माय माय! मी तिले तिथंच झाडली. किती दिवसाची आहे, सांगितलं काहून नाही, लाज कायची वाटून राहिली, सारं बोलली. अन् त्याच हप्त्यात तिघं मिळून नागपूरले, धंतोलीले गेलो.

धंतोली तुमाले माहीत आहे. एका गल्लीत पंधरा दवाखाने, गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे पेशंट अन् बाहेर फळवाले. डॉक्टरीणबाई चांगली होती. तुकडा तपासाले पाठवला, मंग समोर बसवून साफ सांगितलं, “गाठ लहान आहे, वेळेवर आल्या तुम्ही. ऑपरेशन करू, मग औषधं. बऱ्या होण्याची चांगली आशा आहे.” एवढं चांगलं कोण सांगते हो? मी तर बाहेर येऊन रसवंतीवर रस पाजला दोघांले.

पण बायजाबाईच्या कानात एकच शब्द राहिला, ऑपरेशन. बसमध्ये कोराडी येईपर्यंत पदर तोंडात घालून रडली. छाती कापतात म्हणजे बाई उरते का, म्हणे. बायको भ्याली तर नवऱ्यानं धीर द्यावा. हा माणूस तिच्याहून भ्याला! रितिकाले सांगाचं नाही, असं दोघांनी ठरवलं. नौकरी नवी आहे, पोट्टी घाबरन. अन् मले शपथ घातली. मी शपथ मानली. आता त्याचा राग येऊन काय उपयोग?

त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी, भाऊनं फोनले विचारलं. टाईप करता येत नव्हतं, तर बोलून. ‘छातीतली गाठ, बिना ऑपरेशन.’ बस्. एवढंच बोलले. अन् त्या दिवसापासून त्याईच्या फोनमध्ये जे सुरू झालं! बातम्या पाहा, तर मधात ‘गाठ विरघळते’. बुद्धवंदना लावा, तर पहिले ‘चाकू नाही, टाके नाही’. पावसाचा अंदाज पाहा, तरी तेच. बुढा चकित. मले म्हणे, “हर्षा, म्या एकच बार विचारलं, पण फोननं काळजी धरली.”

मी म्हटलं, “भाऊ, एकदा भाव विचारला तर भाजीवाला भी पार घरापर्यंत मागं येते. त्याले काळजी नाही म्हणत, त्याले धंदा म्हणतात.”

तर त्याईनं फोन माझ्या नाकासमोर धरला. हिरवी हिरवी पानं, पांढरा कोट घातलेला एक माणूस, अन् वर कोण्या उपचार केंद्राच्या नावाखाली बारीक अक्षरात एक शब्द. त्या केंद्राचं नाव घेऊन मी माझं तोंड नाही विटाळणार. शब्द तेवढा सांगते. प्रायोजित.

“वाच,” भाऊ म्हणाले. “लिहून आहे न. प्रायोजित. उगाच कोणी टाकलं नाही हे. मागं कोणी उभं आहे.”

“कोण उभं आहे गा?”

“असन कोणी. सरकार असन, नाही तर कोणी मोठी संस्था असन. लोकाईच्या भल्यासाठी पैसा लावला म्हणूनच तर प्रायोजित.”

मी तेव्हा काय बोलणार? मले तरी त्या शब्दाचा अर्थ कुठं माहीत होता! टीव्हीवर लहानपणी ‘प्रायोजित कार्यक्रम’ म्हणत, मले वाटे चांगला कार्यक्रम असन. मी एवढंच म्हटलं की डॉक्टरीणबाईनं सांगितलं ते करा. भाऊ म्हणाले, “कापाचं ते कधीही कापता येते. पहिले हे करून पाहू.” बायजाबाईच्या चेहऱ्यावर किती दिवसानं रंग आला होता. तो पाहून मी भी गप्प बसली.

भाऊनं नाव अन् नंबर भरला अन् हात धुवेपर्यंत फोन आला म्हणतात. पोरगी बोलत होती, आवाज असा की साखर सांडली. बायजाबाईले ‘आई’ म्हणाली. “आई, तुम्ही मुळीच घाबरू नका, तुमची जबाबदारी आता आमची.” जबाबदारी! हाच शब्द ऐकाले तर बुढा बसला होता. एका डब्यात पूड आली, एका बाटलीत तेल. मीठ बंद, वांगं बंद, दूध बंद. ते ‘आई, कशा आहात’ म्हणणारी पोरगी रोज फोन करायची. सख्खी पोट्टी हप्त्यातून एकदा करे.

अन् खोटं काहून बोलू, बायजाबाईले पहिले पहिले बरं वाटलं. वाटणारच! चाकूची भीती गेली, झोप लागाले लागली, अंगावर तेज आलं. हात लावून म्हणे, नरम आली वं. मले काही नरम लागली नाही, पण मी म्हटलं, असन बाई.

तेव्हाच ते दोघं व्हिडिओवाले आले. केंद्राकडून. लाईट लावला, बायजाबाईले ओट्यावर बसवलं. तिनं दसऱ्याची पांढरी साडी काढली, निळ्या काठाची. काय बोलाचं हे कोणी सांगितलं नाही, ते आपल्या मनानं बोलली. “मी कोराडीची बायजाबाई रामटेके. मले गाठ होती. ऑपरेशनले लय भ्याली मी. आता मले बरं वाटते. पायऱ्या चढते, पोळ्या लाटते. माझ्यासारख्या बायाईनं भिऊ नये.” मी दारात उभी राहून हसून राहिली, “हिरोईन झाली वं बायजा!” ते लाजली. भाऊ बाजूले उभे, छाती फुगवून.

पुढचं मी लवकर सांगते, मले ते सांगवत नाही. गाठ वाढली. मंग कातडी फुटली. तिच्या खोलीत उदबत्ती लावूनही वास जाईना. भाऊनं त्या साखरेच्या पोरीले विचारलं, तर ते म्हणते, “काका, गाठ बाहेर पडते आहे, म्हणजे औषध लागू पडलं.” बाहेर पडते म्हणे, भवाने! पावसाळा गेला, दिवाळी आली अन् रितिका घरी आली. मायची पाठ पुसाले गेली अन् तिची छाती पाहून जे किंचाळली, ते मले भिंतीपलीकडं ऐकू आलं. त्याच संध्याकाळी गाडी करून बायजाबाईले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आपल्याकडून काही कमी केलं नाही. पण रोग हाडात गेला होता, फुप्फुसात गेला होता. आता कापून काही होत नाही, म्हणाले. ज्या कापण्याले भ्याली होती, त्याच कापण्यासाठी बायजाबाई हात जोडून राहिली होती, “कापा न बाप्पा, कापा.” थंडी सरता सरता ते गेली.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ ओट्यावर बसले होते, रितिका पायरीवर, अन् मी चहा घेऊन गेली. भाऊंचा शर्ट चुरगळलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याईनं पोट्टीले विचारलं, “बेटा, तू या कामात आहे. मले सांग, याचा प्रायोजक कोण होता? मले त्याले भेटाचं आहे.”

रितिका बापाजवळ सरकली. मंग म्हणाली, “बाबा, कोणीच नाही. प्रायोजित म्हणजे पैसे देऊन ती जागा घेतली, एवढंच. ज्याची जाहिरात, त्यानंच पैसे भरले. ते खरं आहे का खोटं, हे कोणी पाहत नाही.”

“म्हणजे आपणच आपला जामीन?”

“हो.”

“अन् ते मागं मागं येत होतं ते?”

“रिटार्गेटिंग म्हणतात. तुम्ही एकदा पाहिलं, थांबले, की मशीन तेच परत परत दाखवते. तुम्ही नाव अन् नंबर भरला, तेव्हा तुम्ही ‘लीड’ झाले, म्हणजे गळाले लागू शकणारं गिऱ्हाईक. त्यांनी ती लीड त्या पोरीले दिली. अन् औषध घेतलं, तेव्हा...” इथं ते थांबली. “तेव्हा आई त्यांच्यासाठी कन्व्हर्शन झाली.”

भाऊंनी एकदम हात वर केला. त्याईचा आवाज चढलेला मी जिंदगीत ऐकला नव्हता. “काय म्हटलं?”

“कन्व्हर्शन, बाबा. पक्क्या झालेल्या गिऱ्हाइकाले असंच म्हणतात. आम्ही भी म्हणतो, प्लॉटच्या जाहिरातीले, कोचिंगच्या जाहिरातीले...”

“या घरात नको म्हणू. माझा बाप छप्पन साली उपाशीपोटी चालत आला होता नागपूरले दीक्षा घ्याले, त्याले कन्व्हर्शन म्हणतात. माणूस झाला तो त्या दिवशी. अन् याईनं माझ्या बायकोले पूड चारली, त्याले भी तोच शब्द?” अन् हा माणूस, जो मसणात रडला नाही, तो ओट्यावर धाय मोकलून रडला. मले माझ्याच हातातला कप फेकून मारावा वाटला. पण मारू कोणाले? समोर कोणी उभंच नव्हतं.

रितिकानं तक्रार केली, त्या जाहिरातीवर रिपोर्ट केला. ते पान बंद भी झालं. आमाले वाटलं, संपलं. मंग एक दिवस दुपारी, गिऱ्हाईक आटोपल्यावर, मी फोनवर पाटोड्यांची रेसिपी पाहून राहिली होती. मधातच बायजाबाई आली. निळ्या काठाची साडी, आमचाच ओटा. “आता मले बरं वाटते.” केंद्राचं नाव दुसरं, शब्द तोच, प्रायोजित. मी असा फोन फेकला, काच फुटली.

रितिकाले विचारलं, मलेच काहून दिसली? तर म्हणे, “हर्षामावशी, त्याले लूकअलाईक म्हणतात. जिनं एकदा घेतलं, तिच्यासारख्या बाया मशीन शोधते. तेच वय, तोच भाग, तसेच व्हिडिओ पाहणाऱ्या.” म्हणजे बायजासारखी बायजा शोधून राहिलं ते! काय म्हणावं या कामाले? खाटीकही एका बकरीचं कातडं दाखवून दुसरीले बोलावत नाही.

हे ऐकलं अन् धोंडबाभाऊ कामाले लागले. तुटलेला माणूस, पण पांढरा शर्ट पुन्हा इस्त्रीचा. कॉलनीत, वस्तीत, विहारात, बचत गटाच्या सभेत दारात उभे राहायचे. “माय, फोन दाखव. हे पाय, हे बारीक लिहिलेलं. प्रायोजित म्हणजे मागं कोणीच नाही.” लीड म्हणजे काय, रिटार्गेटिंग म्हणजे काय, सारं पाठ. फक्त तो एक शब्द बोलत नसत. अन् लोक? लोक हसत. एक जण माझ्या खानावळीत जेवता जेवता म्हणे, “बुढा सटकला, बायाईचे फोन पाहत फिरते.” त्याचं ताट मी अर्ध्यावरून उचललं. बाहेर जाऊन जेव म्हटलं, जिथं तुले सरळ बुढे भेटतील तिथं.

अशीच नातेवाइकांत फोनाफोनी करता करता इंदूबाईचा पत्ता लागला. इंदूबाई म्हणजे बायजाबाईची लहान बहीण, उमरेडले राहते, विधवा. फोनवर म्हणाली, “हाव भाऊजी, मले भी आली न ते जाहिरात. म्या मागवलं भी.” कशासाठी मागवलं, हे तिनं सांगितलं नाही अन् सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊ अन् मी पहिल्या बसनं उमरेडले गेलो.

इंदूबाईनं दार उघडलं. तोच बुटका बांधा, तसंच हसू. भाऊंनी पाणीही घेतलं नाही. “गाठ आहे?” विचारलं. तिनं मान हलवली. मी हात लावून पाहिली. लहान होती. बोराएवढी. मी मनात म्हटलं, वेळ आहे, अजून वेळ आहे. आजच्या आज धंतोलीले नेतो हिले.

मंग भाऊ बोलाले लागले. असं बोलले, असं बोलले, की कोण्या वकिलानं काय बोलावं. प्रायोजित म्हणजे काय. नंबर कुठं जाते. आई म्हणणारी पोरगी कोणाची नौकर. बायजाची छाती कशी झाली होती, वास कसा येत होता, शेवटी हात कसे जोडत होती. काही लपवलं नाही. “चूक माझी होती, इंदू,” म्हणाले. “तू माझ्यासंग चल. तुह्या पाया पडतो.” अन् खरंच खाली वाकले.

इंदूबाईनं त्याईले उठवलं. सारं शांत ऐकलं होतं तिनं. मंग फोन घेतला अन् आमच्यासमोर धरला. बायजाबाई बोलाले लागली. ओटा, निळ्या काठाची साडी, अंगावर तेज. “आता मले बरं वाटते. पायऱ्या चढते, पोळ्या लाटते.”

“हे बायजाच आहे न?” इंदूबाई म्हणाली.

“हाव,” भाऊ म्हणाले.

“खोटी बोलून राहिली का ते?”

खोटी नव्हती बोलत. बायजाबाई कधीच खोटं बोलली नाही.

“पूड खात होती तवर माझी बहीण अशी होती, भाऊजी. तुमी अन् रितिकानं ते बंद करवली, दवाखान्यात नेली. अन् दवाखान्यात मेली. म्या आपल्या डोळ्यानं पाहिलं.” तिचा आवाज चढला नाही, डोळे तेवढे भरले. “आता मले भी तिथंच न्याले आले का?”

मी तोंड उघडलं. माझी ठेच्यासारखी जीभ, कधी कमी पडली नाही. पण काय बोलू? भाऊंकडं पाहिलं, तर ते फोनकडं पाहून राहिले होते, बायजाबाईचं बोलणं संपून ती पुन्हा पहिल्यापासून बोलाले लागली होती.

इंदूबाईनं फळीवरचा डबा काढला, चमचाभर पूड तोंडात टाकली, वरून पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं अन् आम्हाले विचारलं, चहा मांडू का.